मध्यंतरानंतरची आई

"ताई, नटीच्या वारसाला तिच्या जुन्या सिनेमातलं एकच वाक्य बदलता येतं. त्यापुढचा सिनेमा हे यंत्र स्वतः रचतं," तंत्रज्ञ दिघे म्हणाले.

वसुधाची आई एकतीस सिनेमांत शिवणयंत्रावर खोकत मध्यंतराआधी मेली होती, पडद्यावरच्या मुलाला सूड घेता यावा म्हणून. घरी तिला बटणही लावता येत नसे. गेल्या महिन्यात ती खरोखरच गेली.

वसुधाने आईचं घरातलं नेहमीचं वाक्य दिलं.

पडद्यावर नायक सुरा घेऊन निघाला. आई खोकायची थांबली. "आधी जेव. मग कुणाला मारायचं ते मार."

दुसऱ्या भाकरीला नायकाचा राग उतरला. चौथीला खलनायकच "वहिनी, मलाही वाढा" म्हणत आत आला.

"आता मारामारी कुठून आणायची?" दिघे हसले.

मध्यंतर संपलं, तरी आई होती. दोघांना भांडी घासायला बसवून ती पत्ते पिसत होती.

महिन्याभराने पहिल्यांदाच वसुधाला भूक लागली.