काळजीवर उभी भिंत

उधाणाच्या दिवशी भरदुपारी खाडीवरची भिंत वीतभर खचली आणि अख्खं गाव एकमेकांच्या मनगटाकडे बघू लागलं. गावाला समुद्राची जेवढी काळजी, तेवढीच ती भिंत उंच राहायची. मनगटावरचे पट्टे प्रत्येकाच्या मनातली काळजी मोजून भिंतीला कळवायचे.

"कोणीतरी आतून निवांत आहे," सरपंच दामोदर तांडेल म्हणाले.

"सुगंधाच असणार," शेजारची यमू म्हणाली. "लेकीचं लग्न काढलंय. तिला कसली आलीय समुद्राची काळजी?"

"अगो, माझा मांडव भिंतीला टेकून आहे!" सुगंधा उसळली. "तूच काल आरशासमोर काळजीचं तोंड करून बघत होतीस. पाहिलंय मी!"

मग काय, जो तो दुसऱ्याचं नाव घेऊ लागला. भाषणं ठोकणाऱ्या सरपंचांवर संशय, गप्प बसणाऱ्यांवर तर दुप्पट. भिंत आणखी हातभर खाली गेली.

"बघा, नाव निघताच काळजीचोर रागावला!" यमू ओरडली. समुद्राकडे पाठ करून सगळे चोर शोधत राहिले.

मांडव ओलांडून पाणी कमरेला लागलं, तेव्हा कुठे सगळे मागे वळले. त्या क्षणी गावाला एकजात, खरीखुरी काळजी वाटली. भिंत सपकन ताडाएवढी उंच झाली.

बाहेर ओहोटी लागली. आत शिरलेल्या समुद्राला मात्र जायला वाट उरली नव्हती.

"अरे, कोणीतरी जरा निवांत व्हा रे!" यमू रडकुंडीला येऊन म्हणाली.

ते आता कोणालाच जमेना.