टोकन नंबर त्रेचाळीस

"त्रेचाळीस," मदतनीस सोनलने हाक मारली. कोणी उठलं नाही.

निजामपुऱ्यातल्या शाळेचा हॉल भरला होता. शुक्रवारी कापडाचे लूम बंद, म्हणून कान तपासणीचं शिबिर आज ठेवलं होतं. बाकांवर लूमचे कामगार बसले होते, शेजारच्याशीही ओरडून बोलत.

"त्रेचाळीस नंबर कौन है?"

शेवटच्या बाकावरच्या बाईने शेजारच्या म्हाताऱ्याला कोपराने ढोसलं. दोघं उठून पुढे आले. टेबलामागे फॉर्म भरत बसलेल्या मृणालीने मान वर केली आणि पेन तसंच हातात राहिलं.

बाळाराममामा आणि हौसामामी.

"डाक्टरीनबाई!" मामा हसत म्हणाला, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल एवढ्याने. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता.

मृणालीने दोघांच्या पायांना हात लावला. "मामा, तू लाइनीत कशाला बसलास? सरळ पुढे यायचं ना."

मामा नुसता हसला. उत्तर मामीने दिलं. "दोन तास बसलोय. तू काम करतेस ता बघत होता. म्हनला, राहू दे, तिला गर्दी हाय."

"मला एक फोन करायचा."

"तू उचलतेस कं गो?" मामी सहज म्हणाली. आवाजात जराही राग नव्हता. तेच मृणालीला सोसवेना.

आई टीबीच्या सॅनिटोरियममध्ये होती तेव्हा सात वर्षांची मृणाली या दोघांच्या खोलीत आली आणि चार वर्षं राहिली. मामी तिला मासळीतले काटे काढून भरवायची. स्वतःची दोन पोरं आपले काटे आपण काढायची. मामा शिफ्ट संपवून केसांत कापसाचं तूस घेऊन यायचा आणि हातपाय धुतले की म्हणायचा, "वाच." त्याला स्वतःला वाचता येत नव्हतं. चार वर्षांतला तिचा एकेक धडा त्याने ऐकला. ती अडखळली की म्हणायचा, "घाई न्हाय. मी बसलोय."

आता तिचं ठाण्यात क्लिनिक होतं. निजामपुरा तिथून फार तर तासाभराचा रस्ता. ती शेवटची आली त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हा ती बोलत होती आणि मामा नुसता मान हलवत, हसत बसला होता. मामा आता म्हातारा झाला, असं तिने घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं. पुढे सणाला ती फोन करायची, पण मामा कधी फोनवर आला नाही. "तूच बोल," एवढं मागून ऐकू यायचं. तो रुसलाय, असं तिने धरून टाकलं होतं. रुसलेल्या माणसाकडे जायचं मग आणखीच लांबत गेलं.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "ऐकू कधीपासून येत नाही?"

मामा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने मामीकडे बघितलं.

"धा वर्सां झाली," मामी म्हणाली.

म्हणजे मागच्या वेळी तो नुसती मान हलवत होता, तेव्हाही. तिच्यासमोर, हातभर अंतरावर.

"मला का नाही सांगितलंत? माझं कामच हे आहे, मामी."

"मी सांगनार होते. त्यानं सांगू दिला न्हाय. म्हनला, पोरगी कवातरी येते, अर्धा तास बसते. तेवराबी ती माजं कान बघन्यात घालवल."

"मग आज कसे आलात?"

"आज कानासाठी कं आलोय? नाक्यावर बॅनर लागलाय, त्याच्यावर तुजा नाव हाय. आमच्या नातवानं, प्रितेशनं वाचून दाखवला. तवापासून मागं लागलाय, चल, तिला बघून येऊ. टोकनशिवाय आत सोडत नव्हते, म्हनून टोकन घेतला."

मृणालीने मामाला तपासणीच्या मशीनपुढच्या खुर्चीवर बसवलं. तिने मामाच्या कानांवर हेडफोन चढवले. पेशंटला मशीनकडे पाठ करून बसवायचं असतं. मामाने खुर्ची वळवून तिच्यासमोर घेतली आणि गुडघ्यांवर हात ठेवून बसला. सोनल सांगायला पुढे झाली, तिला मृणालीने नजरेनेच थांबवलं. आवाज आला की बोट वर करायचं, हे तिने मामाला खुणेने दाखवलं.

तिने बटण दाबलं. मामाने बोट वर केलं. पुन्हा दाबलं. पुन्हा बोट वर. तिने आवाज कमी केला, मग आणखी कमी, तरण्या कानालाही जेमतेम लागेल इतका. बोट वर. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मामाची नजर तिच्या हातावर आहे.

तिने बटणावर हात नेला आणि दाबलंच नाही.

बोट वर.

"बघ, सगला ऐकू येतं मला," मामा मोठ्याने म्हणाला. "तू कशाला काळजी करतेस गो?"

बाकांवरची माणसं हसली. लोक हसताना दिसले म्हणून मामाही हसला. मामीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि दुसरीकडे बघितलं.

मृणालीने मशीन बंद केलं. पुढचा नंबर बोलवू का, असं सोनल विचारत होती. मृणालीने डोळे पुसायला हात उचलला.

मामाने लगेच बोट वर केलं.