धक्क्यावर उभा मुलगा

सुरतच्या नवागाममधल्या गंगारामांना दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. वाट दाखवायला राणी होती, शिकवून तयार केलेली कुत्री. मुलगा धम्मपाल कोलंबोला कापडाच्या कंपनीत नोकरीला. आईच्या मातीनंतर तो घरी आलाच नव्हता, म्हणून राणीला घेऊन गंगाराम स्वतःच जहाजाने निघाले.

जहाज कोलंबोच्या बंदराला लागलं, तसा धम्मपालचा फोन आला.

"पप्पा, राणीला उतरवायची परवानगी काढायची राहूनच गेली. तिच्याशिवाय तुम्ही कसे उतरणार? अन् मला वर सोडत नाहीत."

"मग रे?"

"मी खाली धक्क्यावरच उभा आहे ना! तुम्ही कठड्याशी या. हां, दिसलात! मी हात हलवतोय, पप्पा."

गंगारामांनी राणीचा पट्टा मनगटात अडकवला, फोन कानाशी धरला आणि मोकळा हात उंच करून हलवत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हतं.

शेजारच्या खोलीतली बाई जवळ आली. "काका, कोणाला हात करताय? धक्का पलीकडच्या बाजूला आहे. इकडे तर नुसता समुद्र आहे."

गंगारामांचा हात हवेतच थांबला. फोनवर धम्मपाल सांगत होता, "दिसताय, पप्पा. अजून दिसताय."

त्यांनी हात पुन्हा हलवायला सुरुवात केली.

"बरं वाटलं, बेटा," ते म्हणाले. "जा आता घरी. उन्हात उभा राहू नको."