सालीचा काठ

फळीवरचे वाडगे सिद्धेश्वरीने एकेक करून खाली घेतले आणि शेडच्या दारात, उजेडात मांडले. बाराची गाडी होती. त्याआधी तिला एक वाडगा निवडायचा होता.

एकच. बाकीचे नातेवाइकांनी न्यावेत, असं तिनेच काल दिवसकार्याच्या, शिवगणाराधनेच्या जेवणात सगळ्यांना सांगितलं होतं. अप्पांना, तिच्या वडिलांना, जाऊन अकरा दिवस झाले होते.

गिरणी बंद पडल्यावर अप्पांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड घातली आणि लाकूड कातायचा लेथ बसवला. बाभळीचा ओंडका फिरवून ते वाडगे करायचे, पण काठ कापून सरळ करायचे नाहीत. साल काठावर तशीच ठेवायचे, वरखाली, झाडावर होती तशी. काठ सरळ केला की नुसतं भांडं होतं, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी हाताला कंप सुटला. चहा पिताना बशी वाजायची. तरी दर दोन महिन्यांनी नाशिकला सिद्धेश्वरीकडे वाडगा येत राहिला.

"लेथपुढं उभं राहिलं की हात गप होतो बघ," अप्पा फोनवर म्हणायचे.

सिद्धेश्वरीने ही गोष्ट कॉलेजातल्या सगळ्यांना सांगितली होती. स्वतः मात्र ते कधी पाहिलं नव्हतं. या दोन वर्षांत ती दोनदाच सोलापूरला आली, आणि दोन्ही वेळा लेथचा पट्टा तुटलेला होता. आलेले वाडगे ती लग्नात, बारशाला भेट देऊन टाकायची. पुढचा येणारच होता. आता तिच्याकडे एकही नव्हता, आणि फळीवर उरले होते तेही या दोन वर्षांतलेच.

"शेवटचा कुठला गं, अव्वा?"

तिची आई चंद्रव्वा रिकाम्या पराती घेऊन दारात आली होती. तिने त्या भिंतीला टेकवल्या.

"कुठला बी घे की. समदे घरातलेच हायती."

"तसं नाही. मला शेवटचाच हवाय. त्यांचा हात लागलेला."

चंद्रव्वाने जरा वेळ सगळ्या वाडग्यांवरून नजर फिरवली. मग बोट केलं. "तो. पातळ हाय तो."

पापडासारखा पातळ होता. आत तांबूस, वर जाता जाता पिवळसर, आणि काळी साल कुठेही सुटली नव्हती. तळाला तापल्या खिळ्याने डागलेलं ‘पं’ होतं. अप्पांच्या नावाचं, पंचाक्षरीचं, पहिलं अक्षर. सिद्धेश्वरीने वाडगा गालाला लावला.

"असल्या हातांनी कसं जमलं असेल गं?"

"जमत गेलं," चंद्रव्वा म्हणाली.

फळीखाली एक खोकं होतं. त्यात आणखी तीन वाडगे निघाले. एकाचा तळ आरपार गेलेला, दुसरा उभा चिरलेला, तिसऱ्याची साल निघून काठ कुरतडल्यासारखा. अक्षर एकावरही नव्हतं.

"आणि हे? तू पण हात मारून बघितलास की काय?"

"उभी राहायची की कधी कधी."

"दिसतंय की!"

"लई शहाणी हायेस," चंद्रव्वा म्हणाली, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच दोघी हसल्या. हसता हसता चंद्रव्वाने पदर डोळ्यांना लावला.

त्या हाताकडे सिद्धेश्वरी बघत राहिली. गेल्या दिवाळीलाच त्यात काचेच्या बांगड्या नव्हत्या. "अप्पा असताना हे काय भुंडे हात?" ती तेव्हा चिडली होती. "कामात अडकत्यात," एवढंच अव्वा म्हणाली होती. अकरा दिवसांपूर्वी बायका बांगड्या उतरवायला आल्या, तर उतरवायला काही नव्हतंच.

चंद्रव्वाने वाकून खोकं दोन्ही हातांनी पुन्हा फळीखाली सरकवलं. पराती उचलल्या.

"राजाबाईंच्या पराती देऊन येते. त्यांच्याकडं बी पाव्हणे यायचेत. तू तवर आवर."

ती शेजारी गेली. सिद्धेश्वरीने बॅगेत साडीच्या घडीत वाडगा नीट ठेवला. मग तिला बंब दिसला. गेले अकरा दिवस अव्वा गार पाण्यानेच अंघोळ करत होती. लाकडं फोडायला कुणी नव्हतं, आणि कुणाला सांगायचं तिच्या जिवावर येत होतं. निदान आज तरी पाणी कढत असावं.

तिने बंबात ढलप्या घातल्या. त्या भुर्रकन जळून गेल्या आणि पाणी कोमटही झालं नाही. तिने अंगणभर सरपण शोधलं. मग ती शेडमध्ये गेली.

फुटका वाडगा अप्पा कधी ठेवत नसत. बिघडला की त्याच दिवशी बंबात. हे तीन अव्वाने लाजून लपवले असणार, आणि उद्या वाडगे न्यायला येणाऱ्यांनी ते पाहून हसायला नको. बाभूळ वाळलेली होती, लगेच धरली.

चंद्रव्वा परत आली, तोवर पाण्याला वाफ आली होती. बऱ्याच वेळाने ती न्हाणीतून बाहेर आली. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

"अंग शेकलं बघ आज," ती केस पुसत म्हणाली. "पण कशानं तापवलंस गं? सरपण तर न्हाय घरात."

"खोक्यातले ते तीन घातले. रागावू नकोस. अप्पांनीही हेच केलं असतं." सिद्धेश्वरी जवळ गेली. "लेथ विकू नकोस, अव्वा. तू नीट शीक. तुझा पहिला चांगला वाडगा मीच नेईन."

चंद्रव्वाने पंचा खाली ठेवला. केसांतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं. मग ती बॅगेशी बसली, साडीच्या घडीतून पातळ वाडगा काढला, उलटा केला आणि तळावरच्या अक्षरावर अंगठा ठेवला.

"फळीवरचे समदे माझे हायती, सिद्धी," ती म्हणाली. "तेवढे तीन ह्यांचे होते."