ऊबदार मोती

मोती अंगावर वागवले नाहीत तर निस्तेज होतात, म्हणून मॉस्कोच्या संग्रहालयात जुन्या झार घराण्यातली माळ ग्लाफिरा रोज दुपारी घटकाभर गळ्यात घालायची. हल्ली ती माळ गारठलेल्या तिजोरीतून निघतानाच ऊबदार लागे.

"माझ्याआधी कुणी घालतं का हो?" तिने अखेर तिजोरी सांभाळणाऱ्या रोदिओन मात्वेयिचना विचारलं.

"किल्ली माझ्याच कमरेला असते. मी घालून मिरवतो की काय?"

"आज राहू दे ना."

"आणि मोती काळवंडले, तर वर उत्तर तू देणार?"

ती खुर्चीवर बसली. रोदिओन मात्वेयिच समोर, दाराशी उभे होते. तिने माळ गळ्याला लावली. मानेवरचे केस बाजूला करायचे राहिले होते. ते आपोआप सरकले.

तिचे दोन्ही हात अजून पुढेच होते, आणि मानेमागे माळेचा फासा अलगद लागला.