दोघी जावांचा करार

शनिवारी सकाळी सासूबाईंचा वाढदिवस, संध्याकाळी भाच्याच्या लग्नाचं रिसेप्शन आणि रविवारी घरी वीस माणसं जेवायला. त्यात पुढच्या महिन्यात दोघी जावांची हाफ मॅरेथॉन! शेवटी भांडी विसळता विसळता थोरलीनंच तोडगा काढला, "या रविवारी पळायला सुट्टी. पण दोघींनीही हं! एकीनं गुपचूप सराव करून पुढे जायचं नाही." धाकटीनं ओल्या हातानंच टाळी दिली.

रविवारी उजाडता उजाडता तलावाच्या वळणावर धाकटीला थोरली दिसली. घामानं निथळत, वारा प्यायल्यासारखी पळत होती. धाकटी झटकन झाडाआड झाली. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. घरचीच माणसं अशी केसानं गळा कापायला लागली, तर भरवसा ठेवायचा कुणावर?

दुपारी पाहुण्यांना वाढताना थोरली म्हणाली, "आज कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी मनसोक्त झोपलो बाई!"

धाकटीच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं.


बोलणार तरी कुठल्या तोंडानं? थोरली दिसली, तेव्हा तलावाभोवती धाकटीची स्वतःची तिसरी फेरी चालू होती.