समोरच्या घरातला फोन

पनवेलात नवं चर्च कुठं बांधायचं, यावरून आमची मंडळी फुटली. तेव्हापासून दुसऱ्या बाजूच्या, समोर राहणाऱ्या साळव्यांचा उंबरा कुणी ओलांडायचा नाही, असं मीच आमच्या बाजूच्या लोकांना बजावलं होतं. पुढं इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं आणि तिथं नोकरीला असलेल्या आमच्या ह्यांची काहीच खबर येईना. त्यांच्याकडे निरोपासाठी एकच नंबर होता, साळव्यांचा.

साळव्यांकडे साखळी प्रार्थना सुरू असल्याचं कानावर आलं. मला कुणी बोलावलं नाही. मी रस्त्याकडची खिडकी लावून घेतली आणि एकटीच गुडघ्यांवर बसू लागले.

एकविसाव्या दिवशी दुपारी रत्ना साळवे धापा टाकत दारात आली.

"एस्तेर, लवकर चल. दानिएलभाऊंचा फोन आहे, जॉर्डनहून, अम्मानवरून."

मी धावत जाऊन त्यांच्याकडचा फोन कानाला लावला. "मी सुखरूप आहे. शनिवारच्या विमानानं येतोय," एवढंच हे बोलले आणि लाइन कट झाली. मी तिथंच जमिनीवर बसले.

रत्नानं पाणी दिलं. म्हणाली, "तासातासाची पाळी लावून दिवसरात्र कुणीतरी फोनजवळच प्रार्थनेला बसत होतं. फोन यायचा आणि उचलायला कुणी नाही, असं व्हायला नको."

फोनच्या वर पाळ्यांचा कागद चिकटवला होता. त्यातली निम्मी नावं आमच्याच बाजूच्या लोकांची होती. माझ्या धाकानं ती सगळी वीस दिवस मागच्या दारानं येत होती.